देवघेव टेबलावरचे प्रश्न

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथपाल होण्याच्या पदवीला, येणारी माणसं बहुतेक दुसरीकडून आलेली असतात. म्हणजे बारावीत असताना वहीच्या मागच्या पानावर 'मला ग्रंथपाल व्हायचंय' असं कोणी लिहून ठेवत नाही. आमच्या बॅचला एमपीएससीची प्रिलिम निघता निघेना म्हणून वैतागलेला एक इतिहासवाला होता, मुलगी शाळेत जायला लागल्यावर आता आपलं काहीतरी करूया म्हणून आलेली एक ताई होती, शाळेत क्लार्क असलेले आणि डिग्री झाली तर पुढचं काही जमेल म्हणून आलेले एक काका होते जे शेवटच्या बाकावर बसून लेक्चर चालू असताना खुशाल शाळेची पगारपत्रकं तपासायचे, आणि मी, एम.ए. मराठी झालेली आणि बी.एड.ला नंबर न लागलेली. खानदेशातून पुण्यात आलेली. घरी सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "अख्खं वर्ष? पुस्तकं कपाटात लावायला?" मी काही बोलले नाही, कारण तेव्हा मला पण साधारण तसंच वाटत होतं.

आणि सुरुवातीचे महिने तर मामाच बरोबर वाटावा असेच होते. दाखलनोंदवही (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती) कशी भरायची, शिक्का कुठल्या कुठल्या पानावर मारायचा (प्रत्येक लायब्ररीचं एक गुप्त पान असतं, ठरलेला आकडा, म्हणजे कोणी पहिली पानं फाडून पुस्तक लांबवलं तरी ओळखता येतं, हे मला फारच आवडलेलं), साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं तालिका कार्ड, म्हणजे एकेका पुस्तकाच्या नोंदीचं कार्ड, त्यावर लेखकाचं आडनाव कुठून सुरू करायचं, पूर्णविराम कुठे, स्वल्पविराम कुठे, आणि कुठे किती जागा सोडायची. एका चुकीच्या टिंबाला अर्धा मार्क. सगळं जग कॉम्प्युटरवर गेलेलं असताना आम्ही कार्डं लिहीत होतो, आणि त्याबद्दल कुरकुर करत होतो. पण त्या कार्डांनी एक सवय लावली ती अजून सुटलेली नाही. पुस्तक हातात आलं की आधी आतल्या शीर्षकपानाची मागची बाजू बघायची. आवृत्ती कितवी, कोणी छापलं, कधी, हक्क कोणाकडे, अनुवाद असेल तर मूळ कोणाचं. मुखपृष्ठ विकण्यासाठी असतं, खरं काय ते शीर्षकपानाच्या मागे लिहिलेलं असतं.

वर्गीकरणाचं प्रॅक्टिकल ही त्यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट. आमच्या डिपार्टमेंटमध्ये ड्युईच्या वर्गीकरणाची, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायच्या पद्धतीची, एकोणिसावी आवृत्ती होती, १९७९ची, तीन जाड खंड, बायंडिंग सुटलेलं. सर फळ्यावर पुस्तकांची नावं लिहायचे आणि आम्ही नंबर काढायचो. मेल्विल ड्युईने १८७६ साली ही पद्धत काढली, सगळ्या ज्ञानाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. ऐकायला छान. मग तुम्ही २०० उघडता, धर्म. २२० बायबल, आणि तिथून २८० पर्यंत ख्रिस्ती धर्मच चाललाय, पंथ, उपपंथ, चर्चचा कारभार, सगळं ऐसपैस, आणि बाकी जगाचे सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू २९४.५, बौद्ध २९४.३. मराठी साहित्य ८९१.४६. म्हणजे इंग्रजी कादंबरीला ८२३ एवढ्यात भागतं आणि आपल्या कादंबरीच्या पुठ्ठ्यावर ८९१.४६३ असा फोन नंबर. (त्या ड्युईचं नाव अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९मध्ये आपल्या मेडलवरून काढलं, वंशभेद आणि बायकांशी वागणूक या कारणांवरून. पद्धत मात्र चालूच आहे, कपाटं कोण उचकणार.)

तर एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, ज्ञानेश्वरी. वर्ग दोन भागांत फुटला. गीतेवरची टीका आहे म्हणून २९४.५९२४, तो गीतेचा नंबर. नाही, ओवी आहे, मराठी कविता, ८९१.४६१. काका पगारपत्रकं बाजूला ठेवून म्हणाले की माउलीला कवितेच्या कपाटात ठेवणार का तुम्ही, आणि एम.ए. मराठीवाली मी तावातावाने म्हणत होते की मग काय, कवी नव्हते का ते. सरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाले, तुमच्या लायब्ररीत हे पुस्तक मागायला कोण येणार आहे ते सांगा, मग नंबर सांगतो.

मला वाटतं मी त्या कोर्समध्ये जे शिकले ते एवढंच. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच सिद्धांत आम्हाला पाठ करावे लागायचे. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. १९३१चं पुस्तक. आपल्याकडे दर १२ ऑगस्टला फोटोला हार घालून हे पाच सिद्धांत वाचले जातात आणि मग चहा होतो. पण हा माणूस मुळात गणिताचा, मद्रासला शिकवायचा, १९२४ला विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि म्हणतात की सुरुवातीलाच इतका कंटाळला की मला परत वर्गावर पाठवा म्हणून मागे लागला. लंडनला शिकायला गेला आणि तिथे एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ बघून त्याला सुचलं की विषयाचे पण असे सुटे भाग करून हवे तसे जोडता येतील, त्यातून १९३३ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. दुसरीकडून आलेल्यांमधला तो सगळ्यात मोठा, असं आम्ही आपसात म्हणायचो.

त्याच्याही आधीचं बडोदं मात्र दोन मार्कांच्या टीपेत उरकलं जातं याचा मला राग आहे. सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, १९११मध्ये बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, आणि लाकडी पेट्यांमधून पुस्तकं गावोगाव फिरायला लागली. हा राजा म्हणजे मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, दत्तक गेलेला. आमच्या भागातला म्हणून जरा जास्त सांगतेय, चालवून घ्या.

आता संदर्भ सेवा, म्हणजे वाचकाला हवी ती माहिती शोधायला मदत करणं. हा पेपर सगळे ऑप्शनला टाकायचे कारण त्यात पाठ करण्यासारखं कमी होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सॅम्युएल ग्रीन नावाच्या ग्रंथपालाने १८७६मध्ये, म्हणजे ड्युईचे नंबर आले त्याच वर्षी, मांडलं की ग्रंथपालाने वाचकाशी बोलायला हवं, नुसतं पुस्तक काढून देऊ नये. आणि मग १९६८मध्ये रॉबर्ट टेलर याने ते नीट उलगडून दाखवलं. तो म्हणतो की माणसाच्या पोटात आधी एक अस्वस्थता असते जिला शब्दच नसतात, मग ती मनात काहीतरी आकार घेते, मग तिचा नीट प्रश्न होतो, आणि शेवटी काउंटरवर आल्यावर तो माणूस त्याला वाटतं की इथे काय मिळू शकेल त्या मापात तो प्रश्न कापून विचारतो. म्हणजे तुमच्यापर्यंत येतो तो चौथ्या हाताचा प्रश्न. ग्रंथपालाचं काम उलटं चालत पहिल्यापर्यंत जायचं.

कॉलेजच्या लायब्ररीत देवघेव टेबलावर बसायला लागले तेव्हा हे दिवसातून चार वेळा दिसायला लागलं. "मॅडम, पर्यावरणावर पुस्तक द्या." पर्यावरणावर भरपूर पुस्तकं आहेत. पण त्याला प्रोजेक्टची वीस पानं भरायची असतात, आणि आणखी दोन वाक्यं बोललं की कळतं की गावातल्या नाल्याला फेस येतो त्याचं कारण त्याला खरंच हवंय, फक्त ते 'पुस्तकात असतं' असं त्याला वाटत नाही. एक मुलगी कायद्याचं काहीतरी द्या म्हणून यायची, राज्यघटना नेली, परत आणली, भारतीय दंड संहिता नेली, परत आणली, आणि शेवटी एकदा दुपारी गर्दी नसताना विचारलं की वडिलांच्या शेतात मुलीचं नाव लागतं का हो. हिंदू उत्तराधिकार कायदा, २००५ची दुरुस्ती. पाच मिनिटांचं काम होतं. ती एवढे दिवस लांबून फिरत होती.

हे सगळं अशासाठी सांगतेय की मधल्या काळात नवीन शैक्षणिक धोरण आलं, छोटे छोटे क्रेडिटचे कोर्स आले, आणि आमच्याकडे माध्यम आणि माहिती साक्षरता असा एक कोर्स ठरला. शिकवणार कोण, तर ग्रंथपाल, तशाही त्या बसूनच असतात. मी वाचायला घेतलं. यातला माहिती साक्षरता हा भाग १९७४पासून चालत आलाय, पॉल झुर्कोव्स्की नावाच्या गृहस्थाने तो पहिल्यांदा मांडला आणि गंमत म्हणजे तो ग्रंथपाल नव्हता, माहिती विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि त्याच्या डोक्यात कामाच्या ठिकाणी माहिती वापरता येणारा माणूस होता. युनेस्कोने २०११मध्ये शिक्षकांसाठी अभ्यासक्रम काढला. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या ग्रंथपालांनी २००४मध्ये एक चाचणी काढली, माहिती ताजी आहे का, कामाची आहे का, कोणाची आहे, अचूक आहे का, हेतू काय. मला ती बघून आधी बरं वाटलं कारण हे तर आमचं तालिका कार्डच होतं की.

पण वर्गात ती चालेना. कारण ती चाचणी धरून चालते की समोर एक पान आहे, त्याला लेखक आहे, तारीख आहे, पत्ता आहे. आमच्या पोरांकडे जे येतं त्याला यातलं काहीच नसतं. एक फोटो, त्यावर मजकूर, खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'. किंवा कोणाच्या तरी आवाजातली ऑडिओ क्लिप, 'मी डॉक्टर बोलतोय'. कुठला डॉक्टर? शीर्षकपानाची मागची बाजूच नाही.

२०१७मध्ये स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी एक प्रयोग केला होता, तो मी वर्गात सांगते. दहा इतिहासकार, सगळे पीएचडीवाले, दहा फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचीच पंचवीस मुलं, सगळ्यांना वेबसाइटी दाखवल्या आणि सांगा विश्वास ठेवावा की नाही. इतिहासकार आणि मुलं ती साइट वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसली आणि बऱ्याचदा फसली, फॅक्टचेकर मात्र काही सेकंदांत तिथून बाहेर पडून दुसऱ्या टॅबमध्ये बघायला गेले की या लोकांबद्दल बाकीचे काय म्हणतात. शहाणी माणसं जास्त वाचून फसली हे ऐकून पोरं खूश होतात. पण मग इतिहासकार का फसले यावर बोलायला लागलं की मला उत्तर द्यायला वेळ लागतो. त्यांचं आयुष्य कपाटात आधीच निवडून ठेवलेल्या कागदांबरोबर गेलं, ते कागद कोणीतरी आधी तपासून, नोंदवून ठेवले होते. तो कोणीतरी इंटरनेटवर नाहीये.

वर्गात सगळ्यात चाललेला प्रयोग वेगळाच. पुलंच्या नावाने फिरणारा एखादा उतारा घ्यायचा. तुम्हाला पण आलेच असतील, सकाळी सातला, गुलाबाच्या फोटोवर. पुलं, वपु, कुसुमाग्रज, नाना पाटेकर, विश्वास नांगरे पाटील, आपल्याकडे सुविचार या पाच-सहा जणांच्याच नावावर निघतात. तर मी सांगते, हे पुलंचं आहे असं सिद्ध करा. कुठलं पुस्तक, कुठलं पान. मुलं आधी गूगल करतात, शंभर ठिकाणी तोच उतारा पुलंच्याच नावाने मिळतो, आणि ती म्हणतात बघा मॅडम. मी म्हणते पान नंबर. मग कपाटाकडे जावं लागतं. पुलंची पुस्तकं आमच्याकडे बरीच आहेत आणि त्यात सर्च करायची सोय नाही, वाचावीच लागतात. एक ग्रुप महिनाभर उतारा शोधत राहिला, मिळाला नाही, मिळणार नव्हताच, पण त्यातल्या एका मुलीने येऊन सांगितलं की हे पुलं असूच शकत नाही मॅडम, ते एवढं गोड बोलतच नाहीत. याच्यापुढे कुठली चाचणी आणि कुठलं क्रेडिट.

इथपर्यंत सगळं हसत खेळत चालतं. पुढचं नाही.

राईनपाडा आमच्यापासून लांब नाही. धुळे जिल्हा, साक्री तालुका. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुलं पळवणारी टोळी समजून लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात एका लहान मुलासह पाच जणांना जमावातून पोलिसांनी वाचवलं, नाहीतर तो आकडा दहा झाला असता. त्या दिवसांत मुलं पळवण्याचे जे व्हिडिओ देशभर फिरत होते त्यातला एक कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता, मोटरसायकलवाले पोर उचलतात तेवढाच तुकडा, शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि 'मुलांना सांभाळा' म्हणून बोर्ड दाखवतात तो भाग कापलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने पेपरांत पानभर जाहिराती दिल्या, खोटी माहिती ओळखण्याच्या दहा टिपा, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली.

दहा टिपा मी वर्गात वाचून दाखवते. चुकीचं त्यात काही नाही. पण मला तो टेलर आठवतो. ज्या आईला तो व्हिडिओ आला तिचा प्रश्न 'हा व्हिडिओ कुठला' हा नव्हताच. तिचा प्रश्न होता की मी मजुरीला गेले की माझं पोर घरी कोणाच्या भरवशावर आहे. तिला तुम्ही येऊन सांगितलं की बाई हे कराचीचं आहे, तर तिचा प्रश्न आहे तिथेच आहे, आणि उद्या दुसरा व्हिडिओ त्याच जागी येऊन बसेल. माहिती साक्षरतेचे सगळे कोर्स उत्तर तपासायला शिकवतात, उत्तर तपासणं तुलनेने सोपं आहे. काउंटरपलीकडच्या माणसाला मुळात काय हवंय, कशाची भीती आहे, हे विचारायला कोणी शिकवत नाही, आणि माझा अनुभव असा की ते विचारल्याशिवाय उत्तरापर्यंत कोणी येतच नाही. घरातल्या ग्रुपवर काकांनी काही टाकलं की आपण फॅक्टचेकची लिंक चिकटवतो, काका दुखावतात, संपलं. त्यापेक्षा फोन करून 'काका, हे तुम्हाला कुठून आलं आणि तुम्हाला काय वाटलं वाचून' एवढं विचारलं तर कधीकधी अर्धा तास बोलतात, रिपोर्टमध्ये शुगर वाढलीय तिथपर्यंत येतात. शुगरवर लसणाचं पाणी फॉरवर्ड करणारा माणूस डॉक्टरकडे जायला घाबरत असतो.

याने राईनपाडा थांबलं असतं असं माझं म्हणणं नाही. पाचशे माणसांच्या जमावाला कोणी मुलाखत घेत बसत नाही. पण त्याच्या आधीचे पंधरा दिवस, जेव्हा ते व्हिडिओ घराघरात बघितले जात होते, तेव्हा त्या गावांत विचारायला जाण्यासारखी कुठली जागा होती? १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ ब क ड वर्गातली ग्रंथालयं राज्यभर हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या कित्येक ठिकाणी ग्रंथपालाला मिळणारे पैसे ऐकून तुम्ही म्हणाल एक शून्य राहिलं का. तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयाची अभ्यासिका झालीय, स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, कपाटांकडे पाठ करून बसतात, आणि ग्रंथपाल पंखे आणि चार्जिंग पॉइंट सांभाळतो. पोरांना दोष नाही. त्यांना जागा हवीय, घरी ती नाही, हाही एक प्रश्नच आहे आणि त्याला ही ग्रंथालयं निदान उत्तर तरी देतात.

अलीकडे टेबलावर एक नवीन प्रकार येतो. न लिहिलेली पुस्तकं. मागच्या टर्मला एस.वाय.चा एक मुलगा आला, चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं नेटकं. कॅटलॉगमध्ये नाही. दुसऱ्या विद्यापीठांच्या कॅटलॉगमध्ये नाही. लेखकाने दुसरं काहीच लिहिलेलं नाही, कारण तो लेखकच नाही. चॅटबॉटने दिलेलं. एकेकाळी शं. ग. दाते यांनी १८००पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची करायला लायब्ऱ्या पालथ्या घातल्या होत्या, असलेलं एकही पुस्तक नोंदीतून निसटू नये म्हणून, आणि आता नसलेल्याची नोंद तयार मिळतेय, स्वल्पविरामासकट. आमच्या प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क मिळाले असते त्या चिठ्ठीला.

मी त्याला म्हटलं, पुस्तक राहू दे, तुला काय पाहिजे ते सांग. तर त्याला त्यांच्या गावच्या यात्रेवर लिहायचं होतं. मग मी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्ह्यांच्या माहितीच्या ग्रंथांपैकी, बारावा खंड काढला, खानदेश, १८८०. त्यात यात्रा आहेत, बाजार आहेत, पिकं आहेत, जातीजमातींची वर्णनं आहेत. तो वाचत बसला. दोनेक तासांनी उठून आला, चेहरा उतरलेला. तो स्वतः भिल्ल समाजाचा, आणि भिल्लांबद्दल साहेबाने काय काय लिहून ठेवलंय ते त्याने वाचलं होतं.

"मॅडम, हे कोणाला विचारून लिहिलंय?"

मी पुस्तकाची पुढची पानं उघडून दिली. संपादक जेम्स कॅम्पबेल, आणि माहिती कोणाकोणाकडून आली ते बघ म्हटलं. तो नावं वाचत गेला. सगळे साहेब आणि अधिकारी. म्हणाला, आमच्यातलं कोणीच नाही. मग म्हणाला, पुस्तक घरी न्यायचंय, आजाला वाचून दाखवतो, त्याला विचारतो. संदर्भग्रंथ घरी देता येत नाही, फोटो काढ म्हटलं, आणि आजा जे सांगेल ते लिहून आण, वर त्यांचं नाव, गाव, वय आणि तारीख घालायची, विसरू नको.

"वय त्याला माहीत नाही."

"मग 'वय माहीत नाही' असं लिही."